चेक म्हणजे वाण नव्हे

महापालिकेचं अनुदान मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा मी नाहूरच्या आमच्या पाळणाघरात एका शेंबड्या पोराचं नाक पुसत होते. ते अर्धवट सोडून मी चक्क नाचले. का नाही नाचणार? मुलुंडच्या टॉवरांत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायांची पोरं आमच्याकडे असायची. खोलीच्या मालकाला तिथे मोबाइलचं दुकान हवं होतं. महिनाअखेर नवं डिपॉझिट द्या नाहीतर कुलूप, असं त्याने तोंडावर सांगितलेलं. कुलूप लागलं की या बाया पोराला घरात कोंडून कामावर जाणार, नाहीतर काम सोडणार. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन दिवसांनी इथल्या पुढाऱ्याच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. हा पुढारी अजून एकदाही निवडून आलेला नाही, पण बॅनरवर बारा महिने हात जोडून उभा असतो. बाई गोड आवाजात म्हणाल्या, “ताई, चेक आपल्या साहेबांच्या हस्ते हां. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय ना, त्यातच.”

पैसे महापालिकेचे, मिरवणार हे! आयजीच्या जिवावर बायजी उदार. बाईंचं अजून संपलं नव्हतं.

“आणि ताई, चेक घ्यायला कोणी सवाष्ण पाठवाल का? शुभ कार्यक्रम आहे. वाईट वाटून घेऊ नका.”

पाळणाघर चालवणाऱ्या आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष मी. नवरा गेला त्याच वर्षी घरात रडत बसायचं नाही म्हणून हे पाळणाघर मी सुरू केलं. वाईट कसलं वाटतंय, डोकंच फिरलं माझं.

संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर आम्ही मंडळाच्या सगळ्या बसलो. आमची सेक्रेटरी बौद्ध, माहेर जालन्याकडचं, जिभेला धार. ती म्हणाली, “म्हणजे तुला कुंकू लावायचं नाही आणि मी लावत नाही. कमिटीच बाद झाली की गं आपली!”

सगळ्या हसल्या. खजिनदार मात्र हसली नाही. “हसताय काय? खोली गेली तर पोरं कुठे ठेवणार? मी जाते, फोटो काढते, चेक आणते. गिळ ना एवढा अपमान.”

तिचं चूक नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. पोरांसाठी गिळावा की काय, असं मलाही क्षणभर वाटलं.

तेवढ्यात सेक्रेटरीने तिला विचारलं, “तू सवाष्ण ना? मग नवरा कुठाय तुझा?”

खजिनदाराचा नवरा तिला टाकून गेलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने स्वतःचं मंगळसूत्र मुठीत धरलं.

“कल्याणला आहे म्हणतात. दुसरीबरोबर.” मग तिचा आवाज चढला. “अरे वा रे वा! माझा मेला पळून गेला तरी मी शुभ, आणि हिचा हिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला तर ही अशुभ?” ती सिंधुदुर्गातली. संतापली की सरळ मालवणीवर यायची. माझ्याकडे वळून म्हणाली, “तूच जा गो. भियातस कित्याक? आमी आसंव ना!”

आम्ही सगळ्याच गेलो. सगळ्या गेलो म्हणजे पोरं सांभाळायला मागे कोणी नाही, म्हणून पोरंही आली. हॉलमध्ये अत्तर, गजरे, वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांचा ढीग. सवाष्ण म्हणून आम्ही ऑफिसला खजिनदाराचंच नाव कळवलं होतं; माइकवरून तेच पुकारलं, पुढे ठसक्यात ‘सौभाग्यवती’ लावून. ती जागेवरूनच ओरडली, “आमच्या अध्यक्ष येतायत!”

मी स्टेजवर चढले. कडेवर आमची सगळ्यात धाकटी पोरगी होती, ती मला सोडायलाच तयार नव्हती. हळदीकुंकवाचं तबक घेतलेल्या बाई गोंधळून पुढाऱ्याकडे बघायला लागल्या. त्याने हसू तसंच ठेवून चेक खाली केला आणि हळूच म्हणाला, “ताई, नंतर ऑफिसला या ना.”

“नंतर कशाला? वाण नका देऊ मला, मी मागत नाही. पण चेक म्हणजे वाण नव्हे. तो आमच्या कामाचा आहे, आणि घेतल्याशिवाय मी खाली उतरत नाही.”

आवाज खणखणीत निघाला. मागून सेक्रेटरी आणि मंडळाच्या बाकीच्या बाया पोरांना घेऊन वर आल्या नि स्टेजवरच बसल्या. एका पोराने भोकाड पसरलं. त्याचं बघून बाकीच्यांनी. माइक चालूच होता. साहेबांची वाट लागली. त्याने घाईघाईने चेक माझ्यापुढे धरला आणि मी तो घेतला.

फोटोग्राफर म्हणाला, “इकडे बघा.” तेवढ्यात कडेवरच्या पोरीने तबकात अख्खा पंजा घातला आणि माझ्या कपाळावर फासला. थेट गालापर्यंत!

“अगंबाई!” म्हणत तबकवाल्या बाई पदराने माझं कपाळ पुसायला पुढे आल्या. मी त्यांचा हात धरला.

“राहू दे,” म्हटलं.

तसाच फोटो निघाला. नाहूर स्टेशनपासून घरापर्यंत लोक वळून वळून बघत होते. बघू देत. मी कपाळ पुसलं नाही. चेक मात्र त्या पोरीच्या हातापासून लांब धरला होता. डाग पडलेला चेक बँक परत करते, आणि आम्हाला खोली ठेवायची होती.