नानासोंच्या बागेवर गेलेला ड्रोन

अक्षता बनसोडेला गावात सगळे ‘पायलटीण’ म्हणत. बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तेव्हा तो शिकायला तिच्याशिवाय कुणी पुढं आलं नाही. तिची सासू ज्या बांधावरून खाली बघत जायची, त्याच बांधावर अक्षताला आता खुर्ची मिळे, चहा मिळे. हे हातचं जाऊ नये, एवढंच तिला वाटे.

गेल्या नोव्हेंबरात लालासाहेबांच्या कोवळ्या उसात तणनाशक मारायचं होतं. बांधापलीकडं नानासोंची द्राक्षबाग, ऐन फुलोऱ्यात. उसाचं ते औषध वेलीला विषच, म्हणून बागेकडचा पट्टा खुरपायला सोडायची कवठे महांकाळकडची रीत. तिनं तो सोडलाच होता. पण त्या सकाळी मोबाइलवर ड्रोनवाल्या कंपनीचा निरोप आला.

“आबा, आज नको,” ती लालासाहेबांना म्हणाली. “सूर्यावर वादळ झालंय.”

“कुठं?”

“सूर्यावर. त्यानं उपग्रहाचे सिग्नल बिघडत्यात. ड्रोनला आपण कुठं हाय तेच उमगत न्हाई.”

लालासाहेबांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. “मला तर बरा दिसतोय. ताप-बीप न्हाई त्याला.”

गडी हसले.

“उद्या मारू की, आबा.”

“उद्या पाण्याची पाळी हाय. जमत नसलं तर तसं सांग. आमची सूनबाई कॉलेज शिकलीया, ती उडवंल.”

अक्षतानं ड्रोन उडवला.

पहिले फेरे सरळ गेले. मग तो हळूहळू कलत गेला. स्क्रीनवर उसावर, डोळ्यांना बागेवर. खरं कोणतं, या विचारात क्षण गेला. तिनं बटण दाबलं तोवर औषधाचं धुकं वेलींवर उतरलं होतं.

आठवड्याभरात पानं पंख्यासारखी आकसली. फुलोरा झडला.

गटाची बैठक लालासाहेबांच्या सोप्यात बसली. अक्षता दाराशी उभी राहिली.

“सूर्यानं केलं म्हणं,” नानासो म्हणाले. “साऱ्या तालुक्यात त्याला माझीच बाग घावली?”

“आबा, तुमीच सांगा. मी नको म्हणलं होतं का न्हाई?”

लालासाहेबांनी सुपारी कातरली. “कवा? मला न्हाई बा आठवत.”

गड्यांना त्याच वेळी आपली पायताणं बघायची आठवण झाली.

“ड्रोन अक्षताकडंच ऱ्हावा असं ज्यांना वाटतंय, त्यांनी हात वर करा,” गटाच्या अध्यक्ष शालूबाई म्हणाल्या.

बाया पदराशी चाळा करत बसल्या. मागं एक हात वर आला. अक्षता त्याच्याकडं बघतच राहिली. त्या हातानं कान खाजवला आणि तो खाली गेला.

“मग ठरलं. ड्रोन आबांच्या सुनंकडं, संयोगिताकडं.”

सैपाकघराच्या दारातून सूनबाईंचा आवाज आला, “मामंजी, मला त्यातलं काय येत न्हाई.”

“ही शिकवंल की,” लालासाहेब अक्षताकडं बघून म्हणाले. “काय गं? बॅटऱ्या चार्ज करून आण. ऱ्हायलेला ऊस मारायचा हाय.”

“व्हय, आबा.”

ती पायरी उतरली तशी शालूबाईंनी हाक मारली. “आन् पुसून आण गं त्याला. आता चांगल्या घरात जायाचाय.”