झोताई आणि थंगाभाऊंचं शेत

लोणावळा स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिल्याच वाऱ्याला माझी छत्री उलटी झाली. जुलैचा मध्य होता. समोरचे डोंगर ढगांत बुडालेले, रस्त्यावर सहलीला आलेल्या गाड्यांची रांग. त्या गोंधळात मागून हाक आली, "मॅडम, हिकडं! हितं हाय मी!"

हाक अस्सल मावळी होती. मारणारी बाई मात्र मिझोरमची.

तिचं नाव झोतनी. मी पुण्यात बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा लालथंगा माझ्या वर्गात आले होते. त्यांच्या चर्चने त्यांना मिशनरी म्हणून महाराष्ट्रात धाडलं होतं. मिझो लोक आपल्या डोंगरांपलीकडच्या सगळ्या भारताला 'वाई राम' (बाहेरच्यांचा मुलूख) म्हणतात. तेव्हा त्यांच्या हिशेबी ते परदेशीच आले होते. त्यांच्या आधी आलेली माणसं गावोगाव पुस्तकं वाटत फिरायची. या दोघांनी चर्चला सांगितलं, आम्ही शेतकऱ्यांची मुलं, आम्हाला बोलण्यापेक्षा शेती बरी जमते. मग पवना धरणाच्या वरच्या अंगाला त्यांनी थोडी जमीन खंडाने घेतली. तेव्हापासून 'या, या' म्हणून फोन यायचे. या वर्षी मी चार दिवस काढलेच.

झोतनीच्या पाठीला वेताची टोपली होती आणि टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेला. ती मिझो पद्धत. टोपलीतली अंडी आणि पालेभाजी एका हॉटेलच्या भटारखान्यात पोचवायची होती. आम्ही बाजारातून निघालो, तेवढ्यात चिक्कीच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या चार तरुणांनी तिला घेरलं. "कोरिया? जपान? वन सेल्फी प्लीज!"

मला संताप आला. ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, "मी हितलीच हाय, पवनानगरची. तुमी कुटनं आला?"

एकाचा फोन हातातच राहिला. "ठाण्याहून," तो म्हणाला.

"लय लांबनं आला. पावसात जपून जावा हां," असं म्हणून ती पुढे निघाली. पन्नासेक पावलं गेल्यावर मी विचारलं, "रोज असंच?"

"शनिवार-रविवार जास्त," ती म्हणाली. "आधी रडायची मी. मग थंगा म्हणाला, रडायला आलोय का आपण?"

टोपली रिकामी करून आम्ही प्रवाशांनी भरलेल्या जीपमध्ये बसलो. जीप दुधिवरे खिंडीत शिरली तेव्हा समोरची काच पांढरी झाली होती. चालक डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता. खिंड उतरलो आणि एकदम ढग फाटला. खाली पवनेचं पसरलेलं पाणी, पलीकडे तिकोना किल्ला, आणि मधे चिखलाची चमकती भातखाचरं. चालकाने आरशात बघून विचारलं, "झोताई, पावणी कोण?"

"माझी बाई. मराठी शिकवली तिनं."

"व्हय? मग मावळी कुणी शिकवली?"

"तुमीच की," झोताई म्हणाली, आणि अख्खी जीप हसली.

शेत डोंगराच्या पायथ्याशी आहे. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. जमिनीची मालकीण सिंधूमावशी शेजारीच राहते. साठी उलटलेली विधवा बाई. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, मुलगा तळेगावच्या कारखान्यात. "हिरीजवळची ही जमीन पडीक पडली हुती," ती मला म्हणाली. "पोरगं म्हणलं, सहलीच्या तंबूवाल्यांना देऊ. मी म्हणलं, तंबूत काय पिकतं? मग ही दोगं आली."

लालथंगा गुडघाभर चिखलातून वर आला. गावात तो थंगाभाऊ. त्याचं मराठी अजूनही माझ्या वर्गातलंच होतं, स्वच्छ आणि सावकाश, आणि लिंगांच्या त्याच त्या जुन्या चुकांसकट. "चिबाय, मॅडम (नमस्कार)! तुमचा प्रवास चांगली झाली?" मी दुरुस्ती केली नाही. सुट्टीवर होते.

जेवायला झोताईने विचारलं, "बाई खाणार?" मला दचकलेली बघून दोघंही खो खो हसली. 'बाई' म्हणजे पालेभाज्या आणि बांबूचे कोंब एकत्र उकडून केलेली पातळ भाजी. तेल नाही, फोडणी नाही. पहिला घास मला पथ्याचा वाटला. दुसऱ्या दिवशी मी दोनदा वाढून घेतली.

त्यांचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. दोघं बिनदुधाच्या चहाचे पेले घेऊन बसतात, बायबल वाचतात आणि एक गाणं म्हणतात, दोन वेगळ्या सुरांत. अर्थ कळत नव्हता तरी मी अंथरुणात पडून ऐकत राहायची. मग कोंबड्या, भाजीचे वाफे, शेण, पाणी. रविवारी बंगल्यांच्या बांधकामावरचे चार-पाच झारखंडी मजूर प्रार्थनेला येतात. तेवढंच त्यांचं चर्च. गावातलं कुणी येत नाही. संध्याकाळी दोघं चढावरच्या खडकावर जाऊन ऐजॉलला आजीपाशी राहणाऱ्या मुलीशी फोनवर बोलतात, कारण रेंज तिथेच येते. मुलगी तिथे शाळेत आहे. फोन संपला की झोताई काही वेळ खडकावरच बसून राहते.

पहिल्या संध्याकाळी थंगाने मला खरी गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी रानडुकरांनी भात लोळवला, दुसऱ्या वर्षी कापणीच्या वेळी पावसाने कुजवला. आता चर्चने कळवलं होतं की याही वर्षी भात आला नाही तर शेत सोडा आणि परत या.

"मग?" मी विचारलं.

"मग भात आणायचा," तो म्हणाला. लावणी दोन दिवसांवर आली होती. वाफ्यातलं इंद्रायणी भाताचं रोप हिरवंगार, वीतभर वाढलेलं. माणसं सांगून ठेवलेली.

दुसऱ्या रात्री पाऊस थांबलाच नाही. पहाटे गाणं ऐकू आलं नाही म्हणून मला जाग आली. बाहेर आले तर दोघं शेताच्या वरच्या टोकाला उभी होती. ओढ्याने बांध फोडला होता. सगळा लोंढा रोपाच्या वाफ्यावरून गेला होता आणि जिथे काल हिरवं होतं तिथे तांबडा, गुळगुळीत गाळ पसरला होता. मधूनमधून एखादं पातं तेवढं वर दिसत होतं.

झोताई मिझोत काहीतरी बोलली. थंगाने मान हलवली. मला वाटलं, ती म्हणाली असेल, संपलं.

"काय म्हणाली?" मी त्याला विचारलं.

"म्हणाली, चहा ठेव."

चहा उभ्यानेच झाला. मग ती गाळात बसली, बोटं आत घातली आणि मुळासकट एक जुडी अलगद वर काढली. पाटाच्या पाण्यात ती हलवून धुतली. पाती वाकलेली होती, मुळं मात्र पांढरी होती. "जितं हाय," ती म्हणाली, आणि दुसरी जुडी काढायला वळली. मीही साडी खोचून बसले. पहिल्या काही जुड्या माझ्याकडून तुटल्या. तिने माझा हात धरून दाखवलं, ओढायचं नाही, खालून उचलायचं.

तासाभरात कळून चुकलं की निम्मंही निघणार नाही. तेव्हा थंगा म्हणाला, "आबांकडे जाऊ. त्यांचं रोप दरवर्षी उरते."

दगडूआबा हे वरच्या खाचरांचे मालक, गावातले मोठे शेतकरी. या दोघांच्या घरी ते कधी आले नव्हते, आणि रविवारी तिकडे कुणी फिरकू नये असं त्यांनीच गावाला सांगितलं होतं, असं सिंधूमावशी म्हणाली होती. मी थंगाबरोबर गेले. आबा पडवीत बसले होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत.

"आबा, आमचं रोप गाळात गेली," थंगा म्हणाला.

"बघितलंय."

"तुमचं उरलं तर द्याल का?"

आबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "एक विचारतो, खरं सांग. तुमी हितं कशापायी आला? आमच्या पोरांना बाटवायला?"

थंगाने माझ्याकडे पाहिलं. एरवी शब्द अडला की तो असाच पाहायचा. पण हा शब्द मी त्याला देऊ शकत नव्हते. खरं म्हणजे हाच प्रश्न मलाही त्याला विचारायचा होता आणि इतकी वर्षं धीर झाला नव्हता.

"आम्ही येशूचं काम करायला आलो, आबा," तो म्हणाला. "ते लपवत नाही. कोणी विचारलं तर सांगतो. पण लालूच दाखवून, भीती घालून कोणाला नेणार नाही. तसं केलं तर येशूच आम्हाला हाकलून देईल."

"आन कुणी इचारलंच न्हाई तर?"

"तर भात लावतो."

आबा हसले नाहीत. "उरलेलं रोप भावकीला कबूल केलंय," म्हणाले आणि आत गेले.

परतीच्या वाटेवर थंगा एकच वाक्य बोलला. "विचारलं ते बरं झालं."

दिवसभर आम्ही गाळ उपसत राहिलो. दुपारी सिंधूमावशी जावेला घेऊन आली. प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर, पदर कमरेला. पाठ इतकी धरली की मला सरळ उभं राहता येईना. झोताई मात्र एकाच लयीत जुडी काढायची, धुवायची, ठेवायची. तिची बोटं पाण्याने पांढरी पडली होती. "थांब जरा," मी म्हटलं.

"थांबले तर मोजत बसेन किती गेलं ते," ती म्हणाली. "नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी लावणीला चिखलात उतरलो तेव्हा वरच्या बांधावर फावड्याचा आवाज आला. दगडूआबा एकटेच फुटलेल्या जागी दगड रचत होते. थंगा धावत वर गेला.

"धावू नगस. तुज्यासाटी न्हाई आलो," आबा म्हणाले. "ह्यो बांध माज्याबी खाचराचा हाय."

थंगा दगड वाहू लागला. सिंधूमावशीला मात्र राहवलं नाही. ती खालूनच ओरडली, "आबा, माज्या सासऱ्यानं बुद्धाची दीक्षा घेतली तवा तुमचा बापबी असाच रुसला हुता! आमी कुणाचं काय नेलं का सांगा?"

"न्हाई नेलं, सिंधू."

"मग?"

आबा दगडावर दगड ठेवत राहिले. बांध पुरा व्हायला दुपार झाली. झोताईने चहा वर नेला. आबांनी पेल्यात बघून विचारलं, "दूद न्हाई?"

"आमी बिनदुदाचा पितो. आणू का मावशीकडनं?"

"ऱ्हाऊ दे." त्यांनी तोंड वाकडं करून तो संपवला. मग उठता उठता म्हणाले, "वरच्या वाफ्यात थोडं रोप हाय. भावकीला पुरून उरलंय. आजच उपटून न्या, उद्या पिवळं पडंल." चार पावलं जाऊन ते वळले. "पर येशूचं मी काय इचारनार न्हाई. आदीच सांगतो."

"नका विचारू," झोताई म्हणाली. "बांध पुन्ना फुटला तर तुमाला बोलवू का तेवडं सांगा."

"फुटतोय कशाला! मी बांदलाय," आबा म्हणाले, आणि आता कुठे त्यांच्या मिशा हलल्या.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावणी चालली. धुतलेलं रोप आणि आबांचं रोप मिळून दोन खाचरं भरली. तिसऱ्याला काही उरलं नाही. थंगा त्या रिकाम्या खाचराच्या काठावर बराच वेळ उभा होता. झोताईने त्याच्या पाठीवर चिखलाचा हात मारला तेव्हा कुठे तो हलला.

निघताना ती मला कामशेत स्टेशनपर्यंत सोडायला आली. फलाटावर मी तिला अखेर विचारलं, "मुलीपासून इतकं लांब, आणि या गावात कदाचित कुणीच तुमचं ऐकणार नाही. तरी राहणार?"

"मॅडम, ऐकायचं का न्हाई ते त्यांचं काम," ती म्हणाली. "ऱ्हायचं ते आमचं."

लोकल देहूरोड ओलांडून पुण्यात शिरेपर्यंत मी त्या उत्तराशी भांडत होते. त्यांचं मिशन मला पटतं का? आजही पुरतं पटत नाही. कुणी कुणाच्या देवाबद्दल सांगायला इतक्या लांब यावं, ही ओढच मला परकी आहे. पण आबांपुढे खरं उत्तर देऊन रिकाम्या हाताने परतलेला आणि पुन्हा गाळात बसलेला तो माणूस मी पाहिला होता. गोड खोटं बोलून त्याला रोप मिळालं असतं. ते त्याने घेतलं नाही, आणि शेतही सोडलं नाही. घरी आले तरी माझ्या नखांतला तांबडा गाळ निघाला नव्हता. मी तो घासायची घाई केली नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी थंगाचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता, म्हणजे तो खडकावर होता.

"मॅडम, भात आला. झोडून झाला. चर्चने सांगितलं, राहा."

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. मग आठवलं म्हणून विचारलं, "आणि ते तिसरं खाचर? रिकामंच राहिलं ना?"

"नाही, नाही," तो म्हणाला. "त्यात वाल पेरला. आता फुलं आली आहे."

"आली आहेत," मी म्हणाले.

"हो, मॅडम. आली आहेत."