हलकी बॅटरी आणि माझा पाटा

मंडळी, मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. चूक दिसली तर तिला बोला, मला अक्षर येत नाही.

आज सकाळी लेकाने होडीतल्या दोन जुन्या जड बॅटऱ्या काढून लिथियमची एकच नवी बसवली. दिवे, वायरलेस सगळं तिच्यावर.

"आये, एका हातान उचलता येता!"

"म्हणानच माका भय वाटता," मी म्हटलं.

होडी पाण्यात ढकलली, ती उजवीकडे कलली. तिकडे बर्फाची पेटी असते. तिला तोल म्हणून त्याच्या बापाने जुन्या बॅटऱ्या मुद्दाम डावीकडे ठेवल्या होत्या. लेकाने व्होल्ट मोजले, वजन नाही.

"आता काय गो आये?" साहेब वरमले.

मी घरातला पाटा दिला. तो त्याने बॅटरीशेजारी दोरीने बांधला. होडी सरळ झाली, माझा जीव मात्र कललेलाच. लाटेत पाटा सुटला तर?

तसाच तो मासेमारीला गेला, दुपारी यायचा होता. ऊन उतरलं तरी होडी दिसत नाही.

तुमच्यात कुणी अशी बॅटरी बसवलीय का? वजनाचं काय केलंत? लवकर सांगा.

वाटणासाठी शेजारीण तिचा पाटा देत होती. मी नको म्हटलं. मला माझाच हवा, आणणाऱ्यासकट.