उघड्या कागदावरचा शिक्का

कुणाचाही मोबाईल हातात आला की बाई दोन बोटांनी फोटो ताणायच्या, माणसाचं तोंड पडद्याबाहेर ढकलून द्यायच्या आणि म्हणायच्या, "तोंड ऱ्हाऊ द्या. त्याच्या पाठीमागं काय हाय ते बघा."

बाई शिरूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात हवालदार होत्या. नवरा रेल्वेत, म्हणून राहायला दौंडच्या रेल्वे कॉलनीत. रोज स्कूटीवरून ड्यूटीला यायच्या. मी त्यांच्या वरच्या कचेरीत लिपिक होतो. कचेरीचं नाव सांगत नाही. तुमचं कधी सरकारदरबारी काम पडलं असेल तर तुम्ही ती पाहिलेलीच आहे.

त्यांच्या नजरेचा प्रसाद मलाही मिळाला होता. एकदा तापाची रजा टाकून मी मेहुण्याकडे हळदीला गेलो. दुपारी बाईंचा फोन आला. "भाऊसाहेब, ताप कसा हाय?" म्हटलं, "आहे थोडा अंगात." त्या म्हणाल्या, "मग डीजेपाशी हुबं ऱ्हाऊ नका, कानाला वारं लागंल." कुणीतरी नवरदेवाचा फोटो टाकला होता आणि मागे ताट धरून मी उभा होतो. ही गोष्ट त्यांनी साहेबांना सांगितली नाही, पण पुढे वर्षभर मला भेटल्या की आधी तब्येत विचारायच्या.

केंदूरकडच्या एकाच्या शेळ्या चोरीला गेल्या तेव्हा ठाण्यातले लोक बाजार पालथे घालत होते. बाई जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात ठेवून फेसबुकवरच्या जनावरं विकायच्या जाहिराती बघत बसल्या. एका फोटोत शेळ्यांच्या मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीवर गावाचं अर्धं नाव. संध्याकाळपर्यंत शेळ्या परत आल्या. चोर विचारत होता, "मॅडम, खबर कुणी दिली?" बाई म्हणाल्या, "तूच की."

आमच्या कचेरीत सगळ्यांची खात्री होती की बाईंकडे एखादा खबऱ्या आहे, नाहीतर पुण्याहून आणलेलं काहीतरी सॉफ्टवेअर आहे. तसलं काही नव्हतं. एक शंभर पानी वही होती. काय दिसलं, कुठे दिसलं, कोणत्या तारखेला दिसलं, आणि शेवटच्या रकान्यात, दुसऱ्याने बघितलं तर त्यालाही तेच दिसतं का. हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय त्या कुणाला काही सांगत नसत. "मी म्हणती म्हणून खरं, असं नगं. समद्यांना दिसलं पायजे," एवढंच त्यांचं शास्त्र.

निमोण्याचे आबा त्यांच्याकडे आले ते याच वहीच्या ख्यातीने. आबांच्या वडिलांनी आणि खुद्द आबांनीही तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूख तुडवलेला. आता तिघा भावांत मिळून शेती. त्यांचा धाकटा मुलगा रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, एक एजंट भेटला, बँकॉकला कॉम्प्युटरवरचं काम आहे म्हणाला. मुलगा गेला. कामाच्या जागी पोचल्यावर त्याने तिथल्या खिडकीत उभं राहून हसतानाचा एक फोटो टाकला. पंधरा दिवसांनी फोन आला तो रडतच. बँकॉकला उतरल्या दिवशीच गाडीत घालून कुठेतरी नदीपलीकडे दुसऱ्याच देशात नेलंय, पासपोर्ट काढून घेतलाय, दिवसभर फोनवरून लोकांना फसवायला लावतात, नाही म्हटलं तर मारतात. त्यानंतर फोन बंद.

ठाण्यात आबांना सांगण्यात आलं की परदेशात आपला हात पोचत नाही. बाईंनी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि तो हसरा फोटो मागून घेतला.

पुढचे नऊ दिवस मी पाहिले आहेत, कारण ठाण्यातलं इंटरनेट रडायचं म्हणून त्या आमच्याकडे येऊन बसायच्या. फोटोतल्या खिडकीबाहेर एक टेकडी होती, तिचा अर्धा भाग खाणीसाठी कापलेला. एक लाल-पांढरा टॉवर. एका पाटीचा तुकडा, त्यावर चार अनोळखी अक्षरं. बाईंनी ती अक्षरं फोनकडून वाचून घेतली, तर तो हॉटेलच्या नावाचा तुकडा निघाला. त्या हॉटेलच्या जाहिरातीत तीच कापलेली टेकडी दुसऱ्या बाजूने दिसत होती. मग उपग्रहाचे नकाशे उघडून नदीच्या काठाकाठाने त्या टेकडी शोधत गेल्या.

शेवटी दोन इमारतींवर गाडी अडली. कोणती ते कळेना. आबा शेजारी बसून नुसते बघत होते. ते म्हणाले, "बाई, फोटू टाकला तवा तिकडं दिवस कलला व्हता?" बाईंनी वेळ काढली, तिकडची दुपार टळून गेलेली होती. आबांनी मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "उन्ह सरळ आत आलंय. मावळतीकडची खिडकी हाय ही." दोन्हींपैकी एकाच इमारतीला पश्चिमेकडे खिडक्या होत्या. जन्मभर मेंढरांच्या मागे उन्हं बघत फिरलेला माणूस, त्याला नकाशा वाचता येत नव्हता, पण इमारत त्याने ठरवली.

बाईंनी चार पानांचा अहवाल केला. प्रत्येक फोटोखाली तो कुठे, कुणालाही कसा बघता येईल ते लिहिलं. तो दिल्लीला जायचा होता, तिथून परदेशी पोलिसांच्या गुन्हे-विश्लेषण कक्षाकडे. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भाऊसाहेब, आजच मेल करा. झाकण्यासारखं ह्यात काय न्हाई. ही लोकं पोरांना एका जागी ठेवत न्हाईत, हलवत्यात."

मी कागद साहेबांपुढे नेला. साहेबांनी मनापासून कौतुक केलं. "वा. परदेशाचा विषय आहे, महत्त्वाचा आहे. गोपनीय करा."

आणि मी केला. चारही पानांवर वर-खाली लाल शिक्का मारला. आता तुम्हाला नियम सांगतो. गोपनीय कागद मेलने जात नाही. तो दोन लिफाफ्यांत जातो, आतल्यावर लाखेची मोहोर, आणि ज्याच्या नावाने आहे त्यानेच तो फोडायचा. वरचे ते अधिकारी बंदोबस्तावर होते, तिथून प्रशिक्षणाला गेले. लिफाफा त्यांच्या कपाटात एकवीस दिवस पडून राहिला. साऱ्या जगाला फोनवर दिसणारी टेकडी आम्ही लाख लावून कपाटात ठेवली होती. मला आजही हे लिहिताना हात आवरावा लागतो.

बाई रोज विचारायच्या. मी रोज "वर गेलंय" म्हणायचो. बाविसाव्या दिवशी वरून पत्र आलं: सदर माहितीचा गुप्त स्रोत कोण, याचा खुलासा करावा. बाईंनी त्याखालीच उत्तर लिहिलं, "गुप्त स्रोत नाही. अहवाल वाचावा."

त्यानंतर कागद पुढे गेला आणि परदेशातून उत्तर फार लवकर आलं. इमारत अचूक ओळखली आहे. मात्र ती बारा दिवसांपूर्वी रिकामी करून आतल्या लोकांना अन्यत्र हलवलं आहे. आमच्या विश्लेषणात अशीच सर्वांना उपलब्ध असलेली माहिती वापरली जाते. यापुढे ती विनाविलंब थेट पाठवावी. भाषा अगदी सभ्य होती. इतकी सभ्य की ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं.

कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं. बाईंना धरलं. गोपनीय अहवालातला मजकूर त्रयस्थ व्यक्तीस, म्हणजे आबांना, उघड केल्याबद्दल नोटीस. ज्या बापाने खिडकी ओळखली तो त्रयस्थ! ती नोटीसही मीच टाईप केली. बाईंनी उभ्याउभ्या वाचली आणि सही केली. मी म्हटलं, "बाई, मला वरून सांगितलं होतं." त्या म्हणाल्या, "ठावं हाय. पर कागद तुमी वाचला व्हता, भाऊसाहेब. साहेबांनी वरवर बघितला, तुमी वाचला व्हता."

मी सहीची प्रत फायलीला लावली. शिक्का मारला तेव्हा बोलायला हवं होतं, आता कितीही चिडून लिहिलं तरी त्याला अर्थ नाही.

त्यांना मुद्देमालाच्या खोलीवर बसवलं, फोन बाहेर ठेवून आत जायचं अशी अट घातली. सहा महिने त्यांनी जप्त केलेल्या मोटारसायकलींना चिठ्ठ्या बांधल्या. मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. नवऱ्याची बदली झाली तेव्हा दौंडही सुटलं. निरोपसमारंभ झाला नाही.

बाई गेल्यानंतर महिन्याभराने आबा कचेरीत आले. धुतलेलं धोतर, हातात तोच फोन. मुलाचा अजून पत्ता नव्हता.

"बाई कुठं बसत्यात आता?"

"नोकरी सोडली त्यांनी, आबा."

त्यांनी फोनवर तोच हसरा फोटो काढला. मग विचारलं, "आमी जी खिडकी धरली व्हती, त्यात पोरगं खरंच व्हतं का? का आमचंच चुकलं?"

परदेशातलं पत्र माझ्या पाठीमागच्या कपाटात फायलीत होतं. मी म्हटलं, "नाही चुकलं. होता तो तिथे. तुम्ही अहवाल दिला त्या दिवशीही होता."

"म्हंजी बाई बरोबर व्हत्या," आबा म्हणाले. "मग उशीर कुठं झाला, सायेब?"

"वर," मी म्हणालो.