खोली शोधणारी बाई

जोयड्यात नात्यातलं लग्न आटोपून मी बेळगावच्या बसमध्ये बसले. अणशीच्या जंगलाकडची एक बाई शेजारी येऊन बसली. तिची मुलगी बेळगावात नर्सिंग शिकणार होती आणि तिच्यासाठी खोली मिळत नव्हती.

"धारवाडात आडनाव इचारत्यात, बेळगावात आदी मासळी खाता काय इचारत्यात," ती हसत म्हणाली. "रानातली म्हटलं की रिकामी खोली तितक्यात भरती बगा, अक्का!"

चष्मा नाकावर ओढून, दार अर्धंच उघडणाऱ्या घरमालकिणीची तिने हुबेहूब नक्कल केली. मी खळखळून हसले आणि मग मला आठवलं. गेल्याच महिन्यात एका मुलीला मी असंच दारातून परत पाठवलं होतं.

"बेळगावात आमची माडी रिकामी आहे," मी म्हटलं.

"आडनाव न्हाई इचारत?"

"नाही."

"मासळी?"

"आम्हीही खातो."

तिने पदर खोचला आणि ती माझ्याकडे वळून बसली. "मग आता म्या इचारते. पाणी कितीला येतंय? आन् खरं सांगा, घरमालकीण स्वभावानं कशी हाय?"

वाटेतलं रामनगर येईपर्यंत मी उत्तरं देत होते. शेवटी तिनेच हसून मला पास केलं.