स्लाइड बनवणारा

सुरतेत कतारगामच्या लॅबमधला तो तंत्रज्ञ मला दोन वर्षं माहीत आहे. नाव कधी विचारलं नाही. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या थोरल्या भावाला तपासण्यांसाठी मी तिथेच नेतो. गाठ तपासायची असली की सुई डॉक्टर लावतात, स्लाइड हा बनवतो. पेशंटशी गुजरातीत बोलतो. सुई बाहेर आली की प्रत्येकाला म्हणतो, "बस, पती गयुं." म्हणजे झालं, संपलं.

या वेळी भावाच्या बेंबीजवळ कातडीत तीन कडक गाठी आल्या होत्या. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं तो कामाला आहे त्या लूमवर सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. तो शर्ट वर करेना.

"पसरना का नही, तेच तं सुई सांगी, दादा," तंत्रज्ञ म्हणाला. तो आमच्या खानदेशातला, हे मला तेव्हा कळलं.

भाऊ तयार झाला. पेशी पुरेशा आल्या का, हे पाहायला तंत्रज्ञ एक स्लाइड लगेच रंगवून मायक्रोस्कोपखाली धरतो. मग पेशंटला पुन्हा टोचावं लागत नाही. त्या दिवशी तो बराच वेळ वाकून पाहत होता. निदान सांगायचा अधिकार त्याला नाही. त्याने सांगितलंही नाही.

"गावले कधी जाशी, दादा?"

"दिवाईले."

"दिवाईनी वाट नको देखू. याच आठवडामा जाई ये."

"सुटी कोन दी? तू देशी का?" भाऊ हसला.

तो हसला नाही. त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. मी भावाला घरी सोडलं आणि स्टेशनवर जाऊन गावची, अमळनेरची दोन तिकिटं काढली.