माईंची कॅसेट आणि मधले डबे

माझ्या घरात दोन गोष्टी फेकवत नाहीत म्हणून साठत गेल्या आहेत. एक म्हणजे जुन्या वायरी, आणि दुसरे आमच्या मंडळींचे किस्से. वायरींचा निदान कधीतरी उपयोग होतो. किस्से आठवले की नुसतं डोकं तापतं, आणि तापलं की कोणाला तरी सांगितल्याशिवाय ते थंड होत नाही. आता तुम्ही चहाला थांबलाच आहात, तर ऐका.

मंडळी म्हणजे फार नाहीत. एक मी. देवासच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये जन्म काढला, आता घरी बसून लोकांचे अँप्लिफायर दुरुस्त करते. दुसरे धारचे अण्णा. त्यांचे पणजोबा दरबारात कारकून होते आणि अण्णा अजून त्यांच्याच मराठीत बोलतात. तिसरा गोलू भिया; आमच्याकडे भैयाला भिया म्हणतात. त्याचं खरं नाव मुकुंद, पण ते फक्त लग्नपत्रिकेत छापून आलं होतं. तो देवासला लग्नाकार्याला साउंड लावतो. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही जमतो आणि जुनी गाणी ऐकतो, एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे.

सगळं सुरू झालं अण्णांच्या कॅसेट डेकपासून. त्यात एक कॅसेट होती, अण्णांच्या पत्नीच्या, म्हणजे माईंच्या आवाजातली. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, घरात आणताना त्यांच्याकडे एक गाणं म्हणतात. ते माईंना सासूबाईंनी शिकवलं, कुठे लिहिलेलं नाही, आणि पुरुषांनी म्हणायचं नसतं म्हणून अण्णांना निम्मंच येतं. माई तीन वर्षांपूर्वी गेल्या. जाण्याआधीच्या महालक्ष्म्यांना ती कॅसेट त्यांनी स्वतःच्या हाताने डेकमध्ये घातली होती.

तेव्हापासून ती बाहेर आलेली नव्हती. अण्णा रोज संध्याकाळी रिवाइंड करायचे, प्ले करायचे, पण काढायचे नाहीत. गेल्या वर्षी अण्णांची सून, पूनम, मला म्हणाली, "मावशी, माईंचा आवाज ना, दबून गेला आहे." तिची शाळा सगळी हिंदीतली, मराठी वाचायला बसली की दमते, पण कान तिखट.

मी एकदाच ऐकलं आणि सांगितलं, "अण्णा, डेकच्या हेडवर, टेप घासते तिथे, मळ बसलाय. कॅसेट काढा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसते, दोन मिनिटांचं काम आहे."

अण्णा म्हणाले, "कॅसेट बाहेर यावयाची नाही. आपण अन्य उपाय सुचवावा."

अन्य उपाय नाही हो! पाणी टाकीतच गढूळ आहे आणि ही माणसं नळाला फडकी बांधायला निघाली. डेक आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये डबे जोडायचा उद्योग त्या दिवशी सुरू झाला.

*

पहिला डबा गोलू भियाने आणला. बूस्टर. बारका आवाज मोठा करतो. डेकची वायर याच्या पोटात, याची वायर अँप्लिफायरमध्ये. आणला नेमका खंडेनवमीला.

दुपारी फोन. "आवाज खरखर करतो. आपण तातडीने यावें."

देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन बस बदलून गेले. डबा उघडला. मागच्या चारही सॉकेटांत ओलं कुंकू आणि त्यावर अक्षता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात ना, अण्णांनी डब्याची केली होती. आणि देवाला मधोमध लावतात म्हणून भोकांतच लावली होती.

मी टाचणीने एकेक तांदूळ काढत होते. अण्णा शेजारी उभे राहून म्हणाले, "पैकी एक तरी अक्षत आत राहू द्यावी."

मी राहू दिली नाही. त्यांना तसं सांगितलं मात्र नाही.

खरखर गेली. माईंचा आवाज मोठा झाला, आणि तेवढाच दबलेला राहिला. मळसुद्धा मोठा होऊन ऐकू येतो, हे मी तेव्हापासून सांगतेय.

*

दिवाळीला अण्णांचे जावई आले. जावई इंदूरला असतात, मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रत्येक विषयात तज्ज्ञ झालेले आहेत. त्यांनी सासऱ्यांना निळा दिवा असलेला चकचकीत डबा भेट दिला. म्हणे, आवाजात प्राण ओततो.

आता हा कुठे जोडायचा? मी म्हटलं, जोडूच नका. अण्णा म्हणाले, जावयाचा मान पहिला. म्हणून तो बूस्टरच्याही आधी, थेट डेकला लागून बसला. लग्नातल्या पंगतीत बसवावं तसं यांनी डब्यांना पाटावर बसवलं.

आणि तो शीळ घालायला लागला. गाण्यावर सतत एक बारीक शीळ. पूनम स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता म्हणाली, "आज माईंच्या मागे कुणी सीटी वाजवतं आहे क्या?"

काढता येईना. जावई संक्रांतीला पुन्हा येणार होते. शेवटी मी डबा उघडला, आत येणारी वायर सरळ बाहेर जाणाऱ्या वायरीला जोडून टाकली आणि दिवा तेवढा जळत ठेवला. डब्याचं काम संपलं, नोकरी चालू राहिली.

संक्रांतीला जावयांनी डोळे मिटून गाणं ऐकलं. म्हणाले, "बघा ताई, काय क्लिअर झालाय! याला म्हणतात इंजिनीअरिंग."

मी तिळगुळाची वडी तोंडात धरून गप्प बसले. आयुष्यात फार थोड्या वेळा एवढी गप्प बसले असेन.

*

मग केबल आल्या. डबा तिथे केबल हवीच. एकेक मनगटाएवढी जाड आणि प्रत्येकीवर एक बाण छापलेला. बाणाच्या दिशेने जोडली तर सिग्नल नीट धावतो म्हणे. डेकमधला सिग्नल क्षणाला हजारो वेळा पुढेमागे जातो. तो बाण वाचतो असं समजणाऱ्या माणसाला माझ्या लॅबमध्ये मी बाकावर उभं केलं असतं.

पण खरा घोळ वेगळाच. पुढच्या जमायच्या रविवारी आम्ही गेलो तर स्पीकर भिंतीकडे तोंड करून उभे. सगळं कपाटच फिरवलेलं.

"अण्णा, हे काय?"

"बाण दक्षिणेस जात होते. माईचा आवाज दक्षिणेस पाठवावयाचा नाही."

गोलू भियाने मान हलवली. "बात तर बरोबर आहे, ताई."

मी विचारलं, "आणि ऐकायचं कुठून?"

अण्णांनी भिंत आणि स्पीकर यांच्या मधल्या हातभर जागेकडे बोट दाखवलं. तिथे तीन पाट मांडलेले होते. आम्ही बसलो. माझे गुडघे स्पीकरला लागत होते. त्या दिवशी मी अण्णांवर मनापासून चिडले होते, आणि तरी मला उठून जाववलं नाही.

मी केबल उलट्या केल्या, कपाट सरळ केलं. बाण उत्तरेला झाले. अण्णा खूश, मी खूश, सिग्नलला काही फरक नाही.

*

आता गोलू भियाचा दुसरा डबा. हा आठवला की माझा हात अजून शिवशिवतो. हा सफाईवाला. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की डबा तो बंदच करून टाकतो. लग्नाच्या मंडपात माइकमधली कुजबुज मारायला ठीक आहे. गोलू भियाने हाटपिपल्याच्या एका लग्नात तो वापरला होता आणि भटजी तेवढ्या वेळापुरते शांत झाले होते. त्याला वाटलं, घरीही चालेल.

माईंच्या कॅसेटमध्ये तिसऱ्या कडव्यानंतर एक जागा आहे. माई थांबतात, बारीक खोकतात आणि स्वयंपाकघरात कुणाला तरी हळूच सांगतात, "दूध बघा गं, उतू जाईल." मग चौथं कडवं. अण्णा रोज तिसऱ्या कडव्याला पुढे सरकून बसतात ते त्यासाठी.

डबा लागला. तिसरं कडवं झालं. मग एकदम काहीच नाही, रिकामं. मग चौथं कडवं.

अण्णा म्हणाले, "दूध कोठे गेलें?"

गोलू भिया कौतुकाने म्हणाला, "अण्णा, वो सब साफ केलं मी. नॉइज़ होता."

अण्णा म्हणाले, "ती माझी बायको होती."

गोलू भियाने डबा स्वतःच्या हाताने काढला. परत जाताना बसमध्ये इंदूरपर्यंत तो डबा मांडीवर घेऊन बसला होता, आणि मला त्याची दया आली, जी येण्याची माझी अजिबात इच्छा नव्हती. अरे पण त्या माणसाला रागावू तरी कशी? आणि अण्णांना? बायकोच्या हाताने बसलेली वस्तू हलवत नाही म्हणून कुणाला रागावतात का? मी मात्र रागावले होते. कारण मळ रोज वाढत होता, टेप रोज झिजत होती, आणि हे सगळे डबे मोजत असताना गाणं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

*

यंदाच्या महालक्ष्म्या. मी आदल्या दिवशीच धारला पोचले. कॅसेट लावून पाहिली. सूर कळत होता, शब्द मात्र गोधडीखालून आल्यासारखे. मी पुन्हा म्हटलं, "अण्णा, अजून वेळ आहे. काढू द्या."

"नाही."

दुसऱ्या दिवशी गोलू भिया आला, जावई आले, तुळशीपाशी तयारी झाली. दोन्ही मुखवटे घेऊन पूनम आणि तिची नणंद उंबऱ्याबाहेर उभ्या. कुंकवाची पावलं काढलेली. अण्णांनी प्ले दाबलं. गाणं संपेपर्यंत एकेक पाऊल टाकत आत यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. गाणं थांबलं तर पाऊलही थांबतं.

पहिलं कडवं झालं. दुसरं अर्ध्यावर आलं, आणि आवाज बंद.

मी वळून पाहिलं. जावई कपाटामागे वाकलेले. हातात निळ्या दिव्याचं नवीन मॉडेल. "एकच मिनिट ताई, चालू गाण्यात बदललं की फरक लगेच कळतो."

त्या क्षणी मी काय म्हणाले ते महालक्ष्म्यांसमोर म्हणायचं नसतं. गोलू भिया वायरींवर झेपावला. कुठली कुठून निघाली कुणालाच कळेना. इकडे डेक मुकाटपणे फिरतच होता, कॅसेट पुढे चालली होती. अण्णा भिंतीला हात लावून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द निम्मेच.

बाहेरून दुसऱ्या कडव्याचा उरलेला अर्धा भाग आला.

पूनम म्हणत होती. मुखवटा छातीशी धरून, समोर बघत. माईंच्याच चालीत, माईंच्याच जुन्या शब्दांत, आणि एक पाऊल आत. मी तोपर्यंत तिला सलग एक ओळ शुद्ध मराठी बोलताना ऐकलं नव्हतं. नणंद तिच्याकडे बघत बघत पावलं टाकत होती. तिसरं कडवं झालं.

पूनम थांबली. बारीक खोकली. मग हळूच, त्याच सुरात म्हणाली, "दूध बघा गं, उतू जाईल."

आणि चौथं कडवं सुरू केलं.

जावयांनी हसायला तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ते मिटलं. गोलू भिया हातातली वायर खाली ठेवून स्वयंपाकघरात गेला आणि गॅस बघून आला.

महालक्ष्म्या जागेवर बसल्या. अण्णा कपाटापाशी गेले. त्यांनी इजेक्टचं बटण दाबलं. झाकण करकरत उघडलं. कॅसेट त्यांनी दोन्ही हातांनी काढली आणि माझ्या हातात दिली.

"तें हेड पुसून घ्यावें," अण्णा म्हणाले. "सावकाश करा. आता घाई नाही."